कादंबरीतला रॉजर आणि प्रयोगशाळेतला रॉजर

इंग्रजी बालसाहित्याशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना आर्थर रॅन्सम हे नाव नवे नाही. 'स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स' ही त्यांची कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. चार भावंडे, एक शिडाची होडी, सरोवरातले एक बेट आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढ्याच भांडवलावर रॅन्समनी एक सबंध जग उभे केले. कादंबरीच्या आरंभीच सात वर्षांचा रॉजर शेताच्या चढावरून आईकडे धावत निघतो, पण सरळ धावत नाही. तो त्या वेळी शिडाचे जहाज झालेला असतो. वारा समोरून येतो आहे आणि समोरच्या वाऱ्यात शिडाच्या जहाजाला सरळ जाता येत नाही, म्हणून तो एकदा या कडेला तर एकदा त्या कडेला असे नागमोडी वळसे घेत चढ चढतो. आई वर उभी आहे, मनात तिच्याकडे धाव घेण्याची ओढ आहे, तरी तो नियम मोडत नाही.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. पुस्तक मिटले की पात्राचे आयुष्य संपले, असे समजण्याची आपल्याला सवय असते. या रॉजरच्या बाबतीत मात्र तसे नाही. ज्याच्यावरून ते पात्र बेतले, तो मुलगा पुढे मोठा झाला, वैमानिक झाला, डॉक्टर झाला आणि दम्याच्या औषधांच्या इतिहासात त्याने आपले नाव कायमचे कोरून ठेवले. पहिला रॉजर मला ग्रंथालयाच्या कपाटात भेटला, दुसरा नंतर एका वैद्यकविषयक लेखात. दोघे एकच आहेत हे कळले तेव्हापासून या माणसाने माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

रॉजर एडवर्ड कॉलिंगवुड ऑल्टुन्यान यांचा जन्म १९२२ सालचा. नावातच दोन घराणी एकत्र आलेली दिसतात. ऑल्टुन्यान हे आर्मेनियन घराणे. आजोबा मोठे शल्यविशारद होते. सीरियातील अलेप्पो या प्राचीन शहरात त्यांनी रुग्णालय काढले. वडील अर्नेस्ट हेही त्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत. आई डोरा ही इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील कॉलिंगवुड घराण्यातली. तिचे वडील डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड हे चित्रकार, लेखक आणि जॉन रस्किनचे सचिव. तिचा भाऊ म्हणजे आर. जी. कॉलिंगवुड. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतलेल्या आपल्या मित्रांना हे नाव वेगळे सांगायला नको. 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या ग्रंथाचे कर्ते ते हेच. म्हणजे ज्यांचे विचार आपण परीक्षेसाठी घोकतो ते कॉलिंगवुड या रॉजरचे सख्खे मामा!

१९२८ च्या उन्हाळ्यात ऑल्टुन्यान कुटुंब अलेप्पोहून कॉनिस्टन सरोवराकाठी आजोळी आले. रॅन्समना तरुणपणापासून कॉलिंगवुडांचे घर आपलेच वाटे. अर्नेस्टनी मुलांसाठी होड्या घेतल्या आणि मुलांना शीड हाकायला शिकवण्याचे काम रॅन्समनी अंगावर घेतले. परत जाताना मुलांनी त्यांना सपातांचा एक जोड भेट दिला. त्या भेटीची फेड म्हणूनच जणू ही कादंबरी लिहिली गेली, आणि पहिल्या अर्पणपत्रिकेत तसा उल्लेखही होता. पुढे या कौटुंबिक स्नेहात दुरावा आला आणि रॅन्समनी ती अर्पणपत्रिका काढून टाकली. असो. कादंबरीतला रॉजर मात्र बोटीवरचा सर्वांत धाकटा खलाशी म्हणून अमर झाला.

खरा रॉजर मोठा होत होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक आणि विमानचालनाचा शिक्षक होता. त्या कामगिरीबद्दल त्याला एअर फोर्स क्रॉस हे पदक मिळाले. युद्ध संपल्यावर केंब्रिज आणि लंडनचे मिडलसेक्स रुग्णालय येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो डॉक्टर झाला आणि घराण्याच्या परंपरेप्रमाणे अलेप्पोच्या रुग्णालयात रुजू झाला. पण १९५६ साली सुवेझचे प्रकरण पेटले आणि ब्रिटिशांना त्या भागात राहणे अशक्य झाले. ज्या गावात तीन पिढ्यांनी रोग्यांची सेवा केली, ते गाव सोडून डॉ. ऑल्टुन्यान इंग्लंडला परतले. तेथे चेशर परगण्यातील होम्स चॅपल या गावी बेंजर नावाच्या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांना नोकरी मिळाली. ही कंपनी फायसन्स या मोठ्या उद्योगाचा भाग होती. मँचेस्टरच्या मॉन्सल रुग्णालयात ते दम्याचे रोगीही तपासू लागले.

आणि त्यांना स्वतःलाच दमा होता.

येथे थोडे थांबून दम्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय या माणसाने काय केले याचे मोल कळणार नाही. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. भाताचा पेंढा झोडपताना उडणारी धूळ किंवा ग्रंथालयातल्या मागच्या दालनातील जुन्या पोथ्यांचा वास, एवढे निमित्त मला पुरते. लोकांना वाटते, दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. वस्तुतः अडचण असते ती श्वास सोडण्याची. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साठतो, आणि आत घेतलेली हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. मनुष्य खाटेच्या कडेला हात टेकून ताठ बसतो, छातीत शिट्ट्या वाजतात, बोलायचे तर दोन शब्दांच्या मध्ये थांबावे लागते. त्या वेळी घड्याळाकडे पाहवत नाही. असा झटका आपण होऊन ओढवून घ्यावा, ही कल्पनाही मला सोसवत नाही.

दम्यावर त्या काळी कोणते उपाय होते? फार जुना उपाय म्हणजे धोतरा. आपल्याकडे धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर ओढत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा उपाय मद्रासेहून ब्रिटनमध्ये पोहोचला आणि पुढे शंभर वर्षे तिकडचे दमेकरी धोतऱ्याच्या विड्या ओढत राहिले. धोतऱ्यातील ॲट्रोपीन हे द्रव्य मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. स्नायूंच्या पेशींवर निरोप स्वीकारणाऱ्या जागा असतात, त्यांना शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात. ॲट्रोपीन त्या जागा अडवून बसते. निरोप येतो, पण त्याला दार उघडे सापडत नाही.

याच कल्पनेतून दुसरी मोठी आशा निर्माण झाली. सर हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी लेडलॉ यांनी १९१० साली दाखवून दिले होते की, हिस्टामाइन नावाचे द्रव्य गिनिपिगला टोचले तर त्याच्या श्वासनलिका आवळून तो गुदमरतो. दम्याच्या झटक्याशी याचे साम्य उघड होते. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांनी हिस्टामाइनचा रिसेप्टर अडवणारी पहिली द्रव्ये शोधली, आणि १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शिंका, वाहणारे नाक, अंगावरचे पित्त यांवर ही औषधे उत्तम चालली. आता दमाही हटणार, असे सर्वांना वाटले. दमा हटला नाही. गिनिपिग वाचत होता, माणूस मात्र धापाच टाकत होता.

असे का व्हावे? याचे उत्तर आज आपल्याला पुष्कळसे माहीत आहे. एखाद्या वस्तूचे वावडे असलेल्या माणसाच्या श्वासनलिकांत मास्ट नावाच्या पेशी असतात. परागकण, धूळ, प्राण्याच्या केसांतील कोंडा असे काही आत गेले की या पेशी फुटल्यासारख्या उघडतात आणि आपला साठा ओतून टाकतात. त्या साठ्यात हिस्टामाइन असते, पण ते एकटे नसते. पेशी ल्युकोट्राइन नावाची द्रव्येही तयार करून सोडतात, आणि ती अधिक जबर व अधिक काळ टिकणारी असतात. म्हणजे एक दार बंद केले तरी घराला दारे अनेक. शिवाय दमेकऱ्याच्या श्वासनलिकांचा स्वभावच चिडखोर झालेला असतो. निरोगी माणसाला जेवढ्या थंड हवेने, धुराने किंवा हिस्टामाइनने काहीच होत नाही, तेवढ्याने त्या आवळून जातात. चिडखोर माणसाला डिवचणाऱ्यांपैकी एकाचे तोंड बंद केले म्हणून काही त्याचा स्वभाव बदलत नाही.

डॉ. ऑल्टुन्यान नोकरीवर रुजू झाले तेव्हा यातले बरेच काही अज्ञात होते. कंपनीला हवे होते ते आवळलेल्या श्वासनलिका सैल करणारे एक नवे औषध. सुरुवात झाली ती एका वनस्पतीपासून. पूर्व भूमध्य सागराच्या काठी खेल्ला नावाचे बडीशेपेच्या जातीचे एक झुडूप उगवते. त्याच्या बियांचा काढा इजिप्तमध्ये मुतखड्याच्या कळांवर पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. त्यातील खेलिन हे द्रव्य स्नायू सैल करते, पण पोटात मळमळ उठवते. म्हणून कंपनीचे रसायनतज्ज्ञ त्याच्या रेणूत फेरफार करून त्याची भावंडे तयार करीत होते आणि प्राण्यांवर ती तपासत होते.

डॉ. ऑल्टुन्यान यांचे म्हणणे असे पडले की, गिनिपिगचा दमा म्हणजे माणसाचा दमा नव्हे. मग माणूस कोणता घ्यायचा? त्यांनी स्वतःला पुढे केले. योगायोग असा की, त्यांना गिनिपिगच्याच केसांचे वावडे होते. प्रयोगशाळेत ज्या प्राण्यावर औषध तपासायचे, त्याच प्राण्याच्या केसांचा आणि कोंड्याचा अर्क करून तो त्यांनी फवाऱ्याने स्वतःच्या छातीत ओढला. झटका आला. एका सेकंदात आपण किती हवा बाहेर सोडू शकतो हे ते यंत्रावर फुंकून मोजत, आकडे टिपत आणि झटका ओसरण्याची वाट पाहत. मग दुसऱ्या दिवशी आधी नवे औषध घेऊन पुन्हा तोच अर्क. असे आठवड्यातून दोन-तीनदा, आणि असे वर्षानुवर्षे.

या खटाटोपातून जी गोष्ट हाती लागली ती अनपेक्षित होती. काही द्रव्ये झटका आल्यावर घेतली तर त्यांचा काडीचाही उपयोग होत नसे. ती स्नायू सैल करीत नव्हती. हिस्टामाइनचा रिसेप्टरही अडवत नव्हती. प्रचलित कसोट्यांनुसार ती टाकाऊ होती. पण तीच द्रव्ये अर्क ओढण्याच्या आधी घेतली, तर झटका यायचा तो येतच नसे, किंवा आला तरी फार सौम्य येई. दारे अडवण्याऐवजी हे औषध निरोप्यालाच घराबाहेर पडू देत नव्हते. मास्ट पेशींचा साठा बाहेर पडण्याआधीच ते त्याला आवर घालत होते.

मला या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. औषधाने काय बरे केले, एवढेच विचारणारा माणूस येथे हात झटकून मोकळा झाला असता. डॉ. ऑल्टुन्यान यांनी प्रश्न फिरवला आणि औषधाने काय घडू दिले नाही, असे विचारले. जे घडलेच नाही ते दिसणार कसे? ते दिसायला असा माणूस लागतो, ज्याला काय घडणार होते हे आपल्या छातीवरून ठाऊक आहे.

वाट मात्र सरळ नव्हती. पहिली उपयुक्त द्रव्ये अल्पकाळ टिकत आणि घशाला त्रास देत. कंपनीतील वरिष्ठांचा उत्साह मावळला आणि हे काम थांबवण्याचे ठरले. तरीही काही सहकारी वेळात वेळ काढून नवी द्रव्ये बनवत राहिले आणि डॉक्टर ती स्वतःवर तपासत राहिले. वारा समोरून होता, म्हणून वळसे घ्यावे लागले. अखेर १९६५ साली दोन क्रोमोन रेणू एका साखळीने जोडून एक नवे द्रव्य तयार झाले. कंपनीच्या वहीत त्याला ६७० हा क्रमांक होता. ते आधी घेतले असता कित्येक तास झटक्यापासून संरक्षण मिळाले. हेच डायसोडियम क्रोमोग्लायकेट. पुढे ते इंटाल या नावाने बाजारात आले.

आता एक व्यावहारिक अडचण उरली होती. हे औषध पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून गोळी निरुपयोगी. ते भुकटीच्या रूपाने थेट छातीत पोहोचायला हवे, आणि तेही धापा टाकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या श्वासाच्या बळावर. येथे जुना वैमानिक मदतीला धावला. नळीच्या आत एक चिमुकला पंखा, त्यावर औषधाची वीस मिलिग्रॅमची कुपी. कुपीला छिद्रे पाडून नळी तोंडात धरायची आणि श्वास ओढायचा. श्वासाच्या झोताने पंखा विमानाच्या पंख्यासारखा गरगर फिरतो आणि भुकटी उधळून आत जाते. हा स्पिनहेलर कंपनीच्या अभियंत्यांच्या साहाय्याने सिद्ध झाला. आज दमेकऱ्यांच्या खिशात भुकटीची जी नाना तऱ्हेची साधने असतात, त्यांच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

एकट्या माणसाच्या छातीवरचा पुरावा हा काही शास्त्राचा शेवटचा शब्द नव्हे. ते काय किंवा त्यांचे टीकाकार काय, हे सर्वच जाणून होते. १९६७ साली हॉवेल आणि ऑल्टुन्यान यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्या चाचणीत कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला नुसतीच भुकटी, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. औषध कसोटीला उतरले.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. श्वासनलिकांचा चिडखोरपणा मोजता येईल का, या प्रश्नाने त्यांना घेरले. रोग्याला हिस्टामाइन थोडे थोडे हुंगवायचे आणि किती मात्रेला नलिका आवळतात ते पाहायचे. १९७० साली त्यांनी दाखवले की, परागांचे वावडे असलेल्या रोग्यांचा हा चिडखोरपणा परागांच्या मोसमात वाढतो, आणि क्रोमोग्लायकेट नियमित घेणाऱ्यांत ही वाढ रोखता येते. लक्षात घ्या, हे औषध हिस्टामाइनच्या वाटेत मुळीच उभे राहत नाही. तरी रोजच्या रोज छातीवर होणारा मारा थांबला की हिस्टामाइनला भिण्याचे प्रमाण वाढत नाही. म्हणजे चिडखोरपणा हा काही विधिलिखित स्वभाव नव्हे. तो वाढतो, रोखता येतो, आणि म्हणून त्यावर उपचारही करता येतो. औषधाचे दोन हेतू यातून स्वच्छ वेगळे झाले. एक आलेला झटका मोडण्याचा, दुसरा झटका येणारी जमीनच निवळण्याचा.

आजची स्थिती सांगितली पाहिजे. दम्यासाठी इंटालचा वापर आता फार कमी झाला आहे. ते दिवसातून चार वेळा ओढावे लागे आणि सर्वांनाच लागू पडत नसे. १९७२ पासून हुंगण्याची स्टिरॉइड औषधे आली. ती आतली सूज उतरवतात आणि चिडखोरपणा अधिक खात्रीने कमी करतात. आज दम्याच्या उपचाराचा पाया तोच आहे. रिसेप्टर अडवण्याची जुनी कल्पनाही वाया गेली नाही. ल्युकोट्राइनचा रिसेप्टर अडवणारे मॉन्टेलुकास्ट १९९८ पासून वापरात आले. हिस्टामाइनचे दार बंद करून जे साधले नाही, ते हे दुसरे दार बंद करून काही अंशी साधले. तरी या गोळीचेही काम मर्यादितच आहे आणि स्टिरॉइडची जागा ती घेऊ शकलेली नाही. क्रोमोग्लायकेट डोळ्यांच्या वावड्यावर थेंबांच्या रूपात अजूनही दिले जाते. ते नेमके कसे काम करते याचा पुरता उलगडा मात्र शास्त्रज्ञांना अद्याप झालेला नाही.

मग एवढी वर्षे सोसून हाती काय राहिले, असा प्रश्न कोणी करील. मला वाटते, औषधापेक्षा मोठी गोष्ट राहिली. दम्याचा झटका आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो येऊच नये म्हणून बरे वाटत असतानाही रोज औषध घ्यायचे, हा विचार सामान्य रोग्याच्या अंगवळणी पाडण्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. माझ्यासारखा विद्यार्थी आज सकाळी दोन झुरके ओढून निर्धास्तपणे महाविद्यालयात येतो, ग्रंथालयाच्या मागच्या दालनात तासन् तास बसतो, यामागे तोच विचार आहे.

डॉ. ऑल्टुन्यान यांच्या या मार्गाचे मी आंधळेपणाने गुणगान करीत नाही. आज कोणतीही संस्था आपल्या नोकराला असे प्रयोग स्वतःवर करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या शरीराला प्रयोगशाळा करणाऱ्याला आपला निकाल चांगला यावा अशी आशा असते, आणि आशा आकडे वाकडे वाचायला लावू शकते. पण एक गोष्ट विसरता येत नाही. हा झटका कोणाला तरी यायलाच हवा होता, आणि त्यांनी तो दुसऱ्याच्या वाट्याला ढकलला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची फुप्फुसे फार खालावली. १० डिसेंबर १९८७ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कादंबरीतला रॉजर अजून सातच वर्षांचा आहे आणि वाऱ्याला वळसे घालीत चढ चढतो आहे. जगातली मुले त्याला ओळखतात. त्या दुसऱ्या रॉजरने ज्यांना सुखाचा श्वास मिळवून दिला, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असेल. आपल्या अंकाच्या वाचकांत तरी ते ठाऊक असणाऱ्यांची थोडी भर पडावी, एवढ्याचसाठी हे लिहिले.